उभ्या गाडीचा प्रश्न : आरंभीची विलक्षण डिझेल इंजिने आणि त्यांच्या प्रतिकृती



एका मोठ्या टेबलावर अंथरलेला रुळांचा वाटोळा फेरा डोळ्यांसमोर आणा. त्या रुळांवर वीतभर लांबीचे एक काळे इंजिन उभे आहे. दोन्ही टोकांना लांब नाके, नाकांवर हवेच्या जाळ्या, त्यांच्यामागे चालकाच्या खिडक्या आणि खाली चाकांना एकमेकांशी जोडणारे पोलादी दांडे. जाळ्या आणि खिडक्या डिझेल इंजिनाच्या, दांडे मात्र वाफेच्या इंजिनाचे. पाहणारा प्रथमदर्शनी बुचकळ्यातच पडतो. बटण जरासे फिरवले की इंजिन हळूच, कसलाही हिसका न देता, पुढे सरकते. दांडे वरखाली होऊ लागतात आणि टेबलाभोवतीची लहानथोर मंडळी खाली वाकून पाहू लागतात.

ही प्रतिकृती ज्या इंजिनाची आहे, ते इंजिन आज जगात नाही. ब्रिटिश रेल्वेच्या डर्बी येथील कारखान्यात १९५० साली बांधलेले, १०१०० या क्रमांकाचे ते एकुलते एक इंजिन. लेफ्टनंट कर्नल एल. एफ. आर. फेल यांच्या कल्पनेतून ते साकारले, म्हणून लोक त्याला फेलचे इंजिन म्हणत. (नाव ऐकून मागच्या बाकांवर हसू फुटणे स्वाभाविक आहे, परंतु हे गृहस्थांचे आडनाव आहे, परीक्षेचा निकाल नव्हे.) १९६० साली ते मोडीत काढले गेले. त्याच्यासारखे दुसरे पुन्हा कोणी बांधले नाही.

हीरक महोत्सवाचे वर्ष हे मोजदादीचे वर्ष असते. साठ वर्षांतील गुणवंतांची नावे फलकावर झळकतात, ढाली आणि चषक कपाटातून बाहेर काढून पुसले जातात. ते योग्यच आहे. रेल्वेच्या इतिहासाची रीतही अशीच आहे. जी इंजिने यशस्वी ठरली त्यांची नोंद ठळक राहिली. जी ठरली नाहीत त्यांचे लोखंड भट्टीत गेले आणि त्यांची हकिगत तळटिपांत. आजचा विषय या दुसऱ्या प्रकारच्या इंजिनांचा आहे, आणि त्यांची आठवण खेळण्याच्या आकारात जपून ठेवणाऱ्या छांदिष्ट माणसांचाही.

ही इंजिने इतकी चमत्कारिक का दिसत, हे समजण्यासाठी आधी एक साधा प्रश्न समजून घ्यावा लागतो. उभी गाडी हलवायची कशी?

वाफेच्या इंजिनाला हा प्रश्न कधी पडला नाही. बाष्पकात वाफ तयार असते. चालकाने झडप उघडली की ती सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला रेटू लागते. चाके जागची हलली नसली तरी वाफेचा रेटा चालूच राहतो. किंबहुना गाडी उभी असतानाच तो भरपूर मिळतो, आणि गाडीला त्याची खरी गरजही त्याच क्षणी असते. डिझेल इंजिनाचा स्वभाव नेमका उलट. तेथे दट्ट्याने हवा इतकी दाबावी लागते की ती तापून लाल व्हावी तशी होते. मग त्या तप्त हवेत तेलाचा फवारा सोडला की तो पेटतो आणि दट्ट्याला ढकलतो. म्हणजे आधी फिरणे, मग जोर. जे डिझेल इंजिन फिरत नाही, ते मुंगीलाही ढकलू शकत नाही. मोटारगाडीत ही अडचण क्लच आणि गिअर यांनी सुटते. परंतु शेकडो टनांची आगगाडी हलवताना तसला क्लच क्षणात जळून जाईल. तेव्हा इंजिन फिरत असावे, चाके उभी असावीत आणि तरीही इंजिनाचा जोर चाकांना मिळावा, असा हा तिढा होता. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातील जवळजवळ प्रत्येक विलक्षण डिझेल इंजिन म्हणजे या एका तिढ्याला दिलेले वेगळे उत्तर होय.

पहिले उत्तर स्वतः रुडॉल्फ डिझेल यांच्या हयातीतले आहे. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथील सुल्झर कंपनी, अडोल्फ क्लोझे हे अभियंते आणि डिझेल यांनी मिळून प्रशियाच्या रेल्वेसाठी १९१२ साली सुमारे १२०० अश्वशक्तीचे एक इंजिन सिद्ध केले. लोहमार्गावर मुख्य गाड्या ओढण्यासाठी बांधलेले जगातील पहिले मोठे डिझेल इंजिन ते हेच. त्यात ना क्लच होता ना गिअर. इंजिनाचा दांडा सरळ चाकांना जोडलेला होता, म्हणजे चाके उभी तर इंजिनही उभे. मग आरंभ कसा करायचा? टाक्यांमध्ये दाबून भरलेली हवा सिलिंडरमध्ये सोडायची, तिच्या रेट्याने गाडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास वेग घेईपर्यंत न्यायची आणि मग तेल पेटवायचे. कागदावर हे उत्तर देखणे होते. रुळांवर मात्र थंड सिलिंडरमध्ये होणाऱ्या पहिल्या स्फोटांचे हादरे यंत्राला सोसवेनात, मोडतोड होत राहिली आणि काही काळातच ते बाजूला पडले. डिझेल यांना त्याचा शेवट पाहावा लागला नाही. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून ते बेपत्ता झाले.

दुसरे उत्तर इंग्लंडमधील लीड्सच्या किटसन कंपनीचे. त्यांनी १९२० च्या दशकात एक असे इंजिन बांधले की त्याच्या दट्ट्याच्या एका अंगाला डिझेलचा स्फोट आणि दुसऱ्या अंगाला वाफ. आरंभ वाफेने करायचा, गाडी चालू लागली की डिझेल पेटवायचे, आणि डिझेलची वाया जाणारी उष्णता पुन्हा वाफ करण्यासाठी वापरायची. ‘किटसन-स्टिल’ या नावाने ओळखले जाणारे हे इंजिन चालले, आणि बऱ्यापैकी चालले. इंधनही थोडके लागे. परंतु एकाच अंगात दोन यंत्रांचा संसार थाटल्यावर खर्चही दोघांचा येतो. १९३४ साली ही जुनी कंपनी देणेकऱ्यांच्या हाती गेली. या प्रयोगावर झालेला खर्च हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

जर्मनीत १९२९ च्या सुमारास डिझेलने हवा दाबायची आणि त्या हवेने वाफेच्या इंजिनासारखे सिलिंडर चालवायचे, असाही खटाटोप झाला. ते व्ही ३२०१ हे इंजिन फार वर्षे टिकले नाही. रशियात १९२४ मध्ये याकोव्ह गाक्केल यांनी पाणबुडीसाठी घडवलेले व्हिकर्स कंपनीचे १००० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन रुळांवर आणले, त्यावर वीजजनित्र फिरवले आणि त्या विजेवर चाकांच्या मोटरी चालवल्या. गाक्केल हे आधी विमाने रचणारे अभियंते होते. त्यांचे हे इंजिन पुढे काही काळ फिरते वीजघर म्हणून राबले आणि सुदैवाने आजही सेंट पीटर्सबर्गमध्ये जतन केलेले आहे.

शेवटी जिंकले ते हेच विजेचे उत्तर. विजेच्या मोटरीचा गुण असा की ती उभी असतानाच सर्वांत मोठा जोर लावते. डिझेलला आपल्या गतीने फिरू द्यावे, वीज करवून घ्यावी आणि गाडी हलवण्याचे काम मोटरींकडे सोपवावे. १९२५ साली अमेरिकेत अशाच रचनेचे एक पेटीच्या आकाराचे इंजिन न्यू जर्सीच्या रेल्वेत दाखल झाले. तेही बाल्टिमोरच्या संग्रहालयात सुखरूप आहे. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी ज्याच्या मागे बसून प्रवास केला, ते अमेरिकन आराखड्याचे आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात घडलेले डब्ल्यूडीएम-२ इंजिन याच कुळातले.

वीज जिंकत असल्याचे स्पष्ट दिसत असताना, १९५० साली, फेल यांनी वेगळी वाट धरली. त्यांचे म्हणणे विचार करण्याजोगे होते. डिझेलने वीज करायची आणि विजेने पुन्हा चाके फिरवायची, या दुहेरी व्यवहारात शक्तीची गळती होते, शिवाय जनित्र आणि मोटरी यांचे जड ओझे गाडीनेच वाहायचे. मग शक्ती दातेरी चाकांनीच थेट का पोहोचवू नये?

रिक्षाच्या किंवा बसच्या मागच्या आसात डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते. एका दांड्याची फिरकी ती डाव्या-उजव्या चाकांत वाटून देते, म्हणून वळणावर बाहेरचे चाक जलद आणि आतले सावकाश फिरू शकते. फेल यांनी ही पेटी उलटी वापरली. वाटणीऐवजी बेरीज. पॅक्समन कंपनीची ५०० अश्वशक्तीची चार इंजिने घेतली, दोन-दोन इंजिनांची फिरकी एकेका पेटीत एकत्र आणली आणि त्या दोन्ही पेट्यांची फिरकी तिसऱ्या पेटीत. आता चारांपैकी एकच इंजिन जोडले आणि उरलेल्या तिघांचे दांडे उलटे फिरू नयेत अशी अडवणूक केली, तर चाकांकडे जाणारा दांडा इंजिनाच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने फिरतो, पण जोर चौपट लावतो. गाडी हलवायला नेमके हेच हवे. वेग वाढला की दुसरे इंजिन जोडायचे, मग तिसरे, मग चौथे. गिअर बदलण्याची गरज नाही, म्हणून मध्येच ओढ तुटण्याचा प्रश्न नाही. प्रत्येक इंजिन जोडण्यासाठी धातूच्या चकत्यांऐवजी तेलाने भरणारी जोडणी होती. याखेरीज ए.ई.सी. कंपनीची दोन लहान इंजिने केवळ मुख्य इंजिनांना जादा हवा पुरवण्यासाठी ठेवली, जेणेकरून मंद फिरतानाही त्यांनी भरपूर जोर द्यावा. या कामात हॅरी रिकार्डो यांच्यासारख्या नामवंत इंजिनतज्ज्ञाचाही हात होता. एकूण सहा इंजिने, मध्ये जोडलेली आठ चाके, पुढेमागे चार-चार लहान चाके आणि १२० टन वजन.

ते लंडन आणि मँचेस्टर यांच्यामधल्या डोंगराळ मार्गावर प्रवासी गाड्या ओढत राहिले. फसलेला प्रयोग म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल. रोजच्या वेळापत्रकात उभे राहणे ही काही लहान परीक्षा नव्हे. पण सहा इंजिनांची निगा म्हणजे सहा ठिकाणी बिघडण्याची शक्यता, आणि सारी अवघड दातेरी यंत्रणा एकाच इंजिनापुरती, एकाच कारखान्याला ठाऊक असलेली. १९५८ साली मँचेस्टर सेंट्रल स्थानकात त्याला आग लागली. आग लागली ती त्या असामान्य यंत्रणेला नव्हे, तर डबे गरम ठेवण्यासाठी बसवलेल्या वाफेच्या साध्या बाष्पकाला. त्यानंतर ते पुन्हा दुरुस्त झाले नाही.

आता टेबलावरच्या प्रतिकृतीकडे वळू.

ब्रिटनमध्ये रेल्वेच्या प्रतिकृतींचे सर्वांत प्रचलित प्रमाण १:७६ आहे, म्हणजे एका फुटाला ४ मिलिमीटर. गंमत अशी की या प्रमाणाने रुळांमधले अंतर १८.८३ मिलिमीटर हवे, प्रत्यक्षात ते १६.५ मिलिमीटर ठेवतात. शंभरेक वर्षांपूर्वी त्या काळच्या मोटरी लहानशा ब्रिटिश इंजिनांच्या अंगात मावेनात, म्हणून रूळ तेच ठेवून अंग थोडे मोठे केले गेले. ती तडजोड आजतागायत चालत आली आहे. काही कर्मठ मंडळी मात्र १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतःच्या हाताने घडवतात. त्यांच्या चिकाटीपुढे मान लववावी, मात्र त्यांच्यासमोर १६.५ चा विषय काढू नये.

गणिताच्या तासाला उपयोगी पडेल असा एक हिशेब. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ७६ पटींनी घटल्या की वजन ७६ गुणिले ७६ गुणिले ७६, म्हणजे ४,३८,९७६ पटींनी घटायला हवे. त्या हिशेबाने १२० टनांच्या फेलचे वजन सुमारे २७५ ग्रॅम भरते, एका मध्यम पपईपेक्षाही कमी.

अशी एकुलती इंजिने कारखानदारांना पूर्वी परवडत नसत. प्लास्टिकचे अंग ओतण्यासाठी लागणारे पोलादी साचे फार महाग असतात. ज्या जातीची शेकडो इंजिने होती, तिचा एक साचा केला की क्रमांक आणि रंग बदलून वीस वर्षे विक्री होते. फेलचा क्रमांक एकच, रंग दोनच, आरंभी काळा आणि अखेरीस हिरवा. म्हणून कित्येक वर्षे ज्याला ते हवे असे, तो पितळेचा पत्रा कापून, झाळून, घरच्या टेबलावरच ते घडवी. अलीकडे ग्राहकांची मागणी आगाऊ नोंदवून असे साचे करण्याची पद्धत रूढ झाली आणि केआर मॉडेल्स या कंपनीने फेलचे तयार, धावणारे मॉडेल बाजारात आणले.

सुदैवी इंजिनांची गोष्ट निराळी. निळ्या रंगाचे ‘डेल्टिक’ हे १९५५ चे प्रायोगिक इंजिन पाहा. नेपियर कंपनीने नौदलाच्या वेगवान बोटींसाठी रचलेली दोन इंजिने त्यात होती. प्रत्येकात त्रिकोणात मांडलेले १८ सिलिंडर, ३६ दट्टे आणि तीन क्रँकशाफ्ट. दोन्हींची मिळून ३३०० अश्वशक्ती. त्याच्यावरून पुढे २२ इंजिने बांधली गेली आणि मूळ इंजिन संग्रहालयात गेले. त्याचा किटमास्टर कंपनीचा जोडणीचा प्लास्टिक संच १९६० च्या आसपासच मुलांच्या हाती आला होता. पुढे बाखमन कंपनीने यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयासाठी त्याची तपशीलवार प्रतिकृती काढली. शंका आली तर टेप घेऊन मूळ इंजिन मोजता येते. फेलच्या बाबतीत मोजायला काही उरलेलेच नाही. जुने आराखडे आणि कृष्णधवल छायाचित्रे यांवरच भिस्त, आणि छायाचित्रेही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण खुद्द इंजिनच बदलत गेले. आरंभी आठही चाके दांड्यांनी जोडलेली होती, नंतर मधले दांडे काढून टाकले. तेव्हा प्रतिकृती करणाऱ्याला आधी ठरवावे लागते : कोणत्या वर्षीचे फेल? हा प्रश्न खेळण्याचा राहत नाही, इतिहासाच्या अभ्यासकाचा होतो. ‘लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश’ रेल्वेचे १०००० हे इंजिन डिसेंबर १९४७ मध्ये, रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाला काही दिवस उरले असताना पूर्ण झाले. त्यामुळे त्याच्या अंगावर कंपनीची उठावदार धातूची अक्षरे झळकली. त्याच्या १०००१ या जुळ्या भावाला १९४८ उजाडले, त्याला ती मिळाली नाहीत. ज्याच्या प्रतिकृतीत १०००१ वर ती अक्षरे दिसतील, त्याने कागदपत्रे वाचलेली नाहीत असे खुशाल समजावे.

इतकी निष्ठा, आणि तरीही एक गोष्ट प्रत्येक प्रतिकृतीत खोटी असते. तिच्या पोटात विजेची मोटर असते. १०००० हे डिझेल-वीज इंजिन होते, त्याची चाके खरोखरच विजेच्या मोटरींनी फिरत. तेथे प्रतिकृती अर्धी तरी खरी ठरते, फक्त वीजघर तेवढे भिंतीतल्या खटक्यामागे गेलेले असते. फेलची गोष्ट तशी नाही. ज्याने विजेची मोटर नाकारण्यासाठीच आयुष्याची उमेद खर्ची घातली, त्याच्या इंजिनाच्या पोटात शेवटी तीच मोटर बसली. आरंभी वर्णन केलेली ती हिसका न देणारी, मृदू सुरुवात फेलची नाही. ती मोटरीची आहे. चेहरा, जाळ्या, दांडे, क्रमांक, सारे जतन झाले. ज्या एका प्रश्नासाठी ते इंजिन बांधले होते, तो प्रश्न मात्र टेबलावर कोणाला पडतच नाही.

म्हणून प्रतिकृतींना कमी लेखावे असे नाही. फेलचे नाव आज नव्या पिढीच्या कानावर पडते ते बहुधा या वीतभर इंजिनामुळेच. सुट्टीत पुण्याला आजोळी जाणाऱ्या मुलांनी कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय पाहिले असेल तर त्यांना ठाऊक आहे की अशा टेबलासमोर माणूस किती वेळ रमतो. फक्त तेथे रमताना इंजिनाच्या पोटात काय होते, हेही विचारायला हवे.

ते पाहण्याचा मार्गही खेळण्यांच्याच दुनियेतून जातो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली छिद्रांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांच्या एका खेळण्याचे पेटंट घेतले, त्याचेच पुढे मेकॅनो झाले. १९२० पासून त्याच कंपनीने हॉर्नबी आगगाड्या काढल्या. आगगाडीने इंजिनाचा चेहरा दाखवावा आणि मेकॅनोने त्याचे पोट, अशी ही एकाच घरातली दोन भावंडे. मेकॅनोच्या शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांनी डिफरन्शियल तासाभरात जोडता येते. प्रयोगशाळेत तेवढे सामान आहे. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांना एकेक मूठ लावावी आणि पेटीवर खडूची खूण करावी. एकाने डावी मूठ घट्ट धरून ठेवावी, दुसऱ्याने उजवी फिरवावी. मूठ दोनदा फिरली की पेटी एकदा फिरते. आता पहिल्यानेही आपली मूठ सोडून त्याच दिशेला, त्याच वेगाने फिरवायला लागावे. पेटीचा वेग दुप्पट होतो, आणि मध्ये कोठेही ती थांबत नाही.